माती जिथं येऊन पडते

१० नोव्हेंबर, रविवार

आज वरकसाची मोजणी झाली. आमच्या घरामागं टेकडी चढत जाते ती सगळी वरकस, म्हणजे गवताची जमीन. सासरे होते तोवर तिच्यावर नाचणी-वरी तरी व्हायची, आता नुसतं गवत विकतो. माझ्या नवऱ्यानं, हरेशनं, आसनगावची नोकरी सोडल्यापासून त्याच्या डोक्यात एकच आहे, इथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचे. कल्याणचे एक शेठ भागीदार झालेत. वैशाखरे गावाच्या पुढं गाडी आली की माणसांना घाटाचे कडे दिसायला लागतात, आणि आमच्या टेकडीवरून तर पावसाळ्यात समोर धबधबेच धबधबे. मुंबईची माणसं असल्या जागेसाठी वेडी होतात म्हणे.

शेठनी पाठवलेली इंजिनिअर मुलगी, समीक्षा, दिवसभर उन्हात यंत्र घेऊन फिरली. जेवायला घरीच होती. भूक लागलेली बिचारीला, तांदळाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिनं मला नियम सांगितला. पाच पावलं पुढं गेल्यावर एका पावलाएवढं वर चढावं लागत असेल, तिथपर्यंत ठीक. त्याहून उभी जमीन असली तर बांधकामाला परवानगी नाही. पावसानं माती धुपते, सुटते, खाली येते, म्हणून.

"मग आमची?" मी विचारलं.

"वरची अर्धी टेकडी सोडावी लागेल, काकी."

हरेश संध्याकाळी न जेवता फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत राहिला.

२४ नोव्हेंबर

समीक्षा परत आली. मागच्या वेळी टेकडीच्या पायथ्यापासून माप घेतलं होतं, आज डांबरी रस्त्यापासून घेतलं. म्हणजे आमची भाताची खाचरंही त्यात धरली. खाचरं सपाट, टेकडी उभी, दोन्हींची सरासरी काढली की चढ नियमात बसतो. हरेशनं मला वर्तमानपत्राच्या कडेला रेघ मारून दाखवलं. मला पटलं. जमीन तर सगळी आमचीच आहे, एक तुकडा मोजायचा आणि दुसरा नाही असं का?

तरी मी समीक्षाला विचारलं, आधीचं चुकलं होतं का. ती यंत्र पुसत होती. म्हणाली, "माप चुकत नाही, काकी. कुठून घ्यायचं एवढंच असतं."

जेवायला थांबली नाही. शेठची गाडी थांबली होती.

१५ डिसेंबर

भूमिपूजन झालं. गवत कापायला कातकरी वाडीची माणसं होती. टेकडीच्या कुशीला, ओढ्याच्या काठावर ही वाडी. जागा आमचीच, माझ्या आजेसासऱ्यांनी बसू दिलेली. कागद कुणाकडेच नाही, पण कधी कुणी उठ म्हटलं नाही.

ठमी आली होती, तिचा नवरा पोश्याही. कुणाली झाली तेव्हा सव्वा महिना ठमीनं आम्हा दोघींना तेल लावून न्हाऊ घातलं. माझी सख्खी आई आठ दिवस राहून गेली होती. वाडीतली पोरं माझ्याच अंगणवाडीत येतात. त्यांना आणायला रोज सकाळी मी वाडीवर जाते तेव्हा पहिला चहा ठमीकडे, कोरा.

प्रसादाचा शिरा मी तिला डबा भरून दिला. ती टेकडीकडे बघत म्हणाली, "वैनी, आता आमी गुरा कुठं सोडायची?" मी म्हटलं, बघू काहीतरी. सुरुवातीलाच असलं काय बोलायचं.

३० जानेवारी

पंधरा दिवस जेसीबी चालू आहे. टेकडीला पायऱ्या पाडल्यासारखं दिसतं, लाल लाल. निघालेली माती आणि दगड कडेला लोटतात, ओढा त्यात बुजला. वाडीतल्या बायका पाण्यासाठी त्या ओढ्यात झरा खणायच्या. हरेशला सांगून मी नळीनं पाणी सोडायला लावलं. तो कुरकुरला, पण ऐकलं. माझ्या शब्दाला घरात किंमत आहे, हे वाडीलाही कळायला पाहिजे.

कुणालीला फोन केला. शहापूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला टेकडीचा फोटो पाठवला होता. "आई, हे खरवडल्यासारखं दिसतंय," म्हणाली. मी म्हटलं, घर होईपर्यंत घर असंच दिसतं.

१४ मे

वळवाचा पाऊस दोन दिवस. वरून गाळ आला तो थेट ठमीच्या अंगणात. तिच्या कोंबड्या टोपलीखाली डालल्या होत्या त्या तशाच गाडल्या गेल्या. पोश्यानं फावड्यानं गाळ काढला आणि टोपली उलटली, तर त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. मी नव्या कोंबड्या घेऊन देते म्हटलं.

आज कळलं, वाडीची माणसं परस्पर तालुक्याला जाऊन तक्रार देऊन आली. मला वाईट वाटलं. आधी आमच्याकडे यायला हवं होतं. इतक्या वर्षांची ओळख कशाला असते?

२६ मे

तालुक्याचे साहेब पाहणीला आले. पलीकडच्या जिल्ह्यात मागं एक अख्खी वाडी दरडीखाली गेली, तेव्हापासून दर वर्षी पावसाच्या तोंडावर अशा पाहण्या होतात. माणूस चांगला वाटला. ठमीच्या ओट्यावर बसून पाणी प्यायले. तिच्याशी तर इतक्या गप्पा मारल्या की ती हसायला लागली. आमच्याकडे आले तेव्हा कपडे चिखलानं भरलेले.

मी चहा देताना विचारलं, धोका नक्की कुठं आहे, वर की खाली?

साहेबांनी बशीत चहा ओतला. "ताई, धोक्याची जागा म्हणजे माती जिथं येऊन पडते ती. जिथून सुटते ती नाही. तिथं परवानगी आहे ना तुमची? मग ती विकासाची जागा."

हरेश हसला. मीही हसले. नंतर भांडी घासताना वाटलं, यात हसण्यासारखं काय होतं?

वाडी आता दरडीच्या धोक्याच्या यादीत. नकाशावर लाल रेघ ओढली, ती ओढ्यापासून वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत. टेकडीच्या पायथ्याशीच, पण पलीकडच्या अंगाला असलेली शाळा रेघेच्या बाहेर. पावसाच्या आत वाडीनं शाळेत राहायला जायचं.

८ जून

वाडी हलायला तयार नव्हती. नोटीस घेऊन आलेल्या माणसाला बायकांनी हाकलून दिलं. मग साहेबांचा मला फोन, तुम्ही अंगणवाडी ताई, तुमचं ऐकतील. हरेश म्हणाला, तू ठमीला वळव, बाकीचे आपोआप येतील.

सकाळी गेले. ठमी मोहाची फुलं निवडत होती.

"चार महिने फक्त," मी म्हटलं. "पाऊस संपला की परत या. नाहीतर एखाद्या रात्री सगळेच जाल."

"माती तुमी टाकली, वैनी. तुमी काढा ना. आमी कशाला जावं?"

मी म्हटलं, काढायची म्हटली तरी पावसाआधी होणार नाही. जिवापेक्षा घर मोठं आहे का? पोश्या आतून म्हणाला, तो नाही येणार. ठमी बराच वेळ फुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतं म्हून येतू. दुसऱ्या कुणी सांगितला असता तं आलू नसतू."

घरी आल्यावर हरेशनं पहिल्यांदाच माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. नाहीतर मीच देते.

२१ जून

वाडी शाळेत आली. एका वर्गात शाळा भरते, एका वर्गात वाडी, मागच्या खोलीत माझी अंगणवाडी. गोंधळ फार. धूर फार. मुख्याध्यापक माझ्यावरच चिडतात. पोश्या शेवटी आला, पण दिवसा वाडीवर जाऊन बसतो आणि अंधार पडताना परत येतो.

९ जुलै

वाडीची घरं पाडली. धोक्याची घरं रिकामी ठेवली की लोक परत जातात, म्हणून पाडायची असतात, असं साहेबांनी सांगितलं. जेसीबी आमचाच वापरला, जवळ होता म्हणून. कुडाची घरं, वेळ लागला नाही.

मला आधी माहीत नव्हतं हे मी इथं लिहून ठेवते. हरेशला माहीत असेल. मी विचारलं, परत कुठं येणार ही माणसं? तो म्हणाला, प्लॉटांचा रस्ता वाडीच्या जागेतूनच जातो, दुसरीकडून निघतच नाही, तूच बघ. मी बघितलं. खरंच निघत नाही.

पोश्या दिवसभर दिसला नाही. संध्याकाळी पाटा घेऊन आला. ढिगाऱ्यातून काढलेला. एवढं जड ओझं, ताप अंगात, आणि तोच तेवढा आणला.

२८ जुलै

पावसाला उघडीप नाही. अंगणवाडीच्या खोलीत मागच्या भिंतीतून पाणी पाझरतं. शिध्याच्या गोण्या भिजल्या, वर तक्रार पाठवली. पूर्वी असं कधी होत नव्हतं. ओढा बुजल्यापासून त्याचं पाणी शाळेच्या मागून वाट काढतं आहे, हे मुख्याध्यापकांनी हरेशला सांगितलं. हरेश म्हणाला, पाऊस संपला की गटार काढून देतो. सुताराला बोलावून मी दाराखाली फळी मारून घेतली आणि गोण्या बाकांवर ठेवल्या.

समीक्षाला फोन करून विचारावं असं मनात आलं. काय विचारणार? शिवाय ती आता शेठकडे नाही, असं ऐकलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. वाडीची पोरं ओळीत उभी, छान गायली. साहेबही आले होते. शाळेत आसरा घेतलेल्या कुटुंबांबरोबर त्यांचा फोटो काढला. पोश्याला मुद्दाम पुढं बसवलं. तो थंडीनं कापत होता.

ताप उतरत नाही त्याचा. खोकल्यानं वर्गात कुणाला झोप नाही, बायका तक्रार करतात. मी मागची खोली त्याला उघडून दिली. अंगणवाडीला तीन दिवस सुट्टी आहेच. गोण्या एका बाजूला सारल्या, सतरंजी दिली. ठमी म्हणाली, "तू व्हती म्हून, वैनी."

१९ ऑगस्ट

परवा लिहिता आलं नाही. काल पण नाही.

रविवारी दुपारी झालं. वाडीची माणसं पुढच्या पडवीत जेवत होती. ठमी पोश्यासाठी पेज घेऊन मागं निघाली होती. आवाज मी घरून ऐकला. ट्रक रिकामा करताना होतो तसा, पण थांबेना. धावत गेले तर शाळेची मागची बाजू नव्हतीच. लाल माती खिडक्यांतून वर्गात आलेली. वर टेकडीची खालची पायरी दिसत नव्हती, तिच्या जागी ओरखडा.

सगळे हातांनी उकरत होते. मीही उकरलं. जेसीबी वरच्या बाजूला होता, खाली आणायला रस्ता उरला नव्हता. पोश्या सापडला तेव्हा संध्याकाळ झाली होती. ठमीनं त्याच्या तोंडातली माती बोटानं काढली, आपल्या पोरांच्या तोंडातली काढावी तशी. पुन्हा पुन्हा काढत होती. मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला.

खोली मी उघडून दिली होती. पण तो खोकत होता. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते.

२१ ऑगस्ट

आज पंचनामा झाला. साहेब सकाळी आधी आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, तीन गोष्टी होऊ शकतात. दरड कोसळली म्हटलं तर शाळा धोक्याच्या रेषेत येते, आणि शाळा आली की मधली सगळी टेकडी येते. मग एकही प्लॉट होत नाही, झालेलेही रद्द. भराव सुटला म्हटलं तर भराव टाकणारा कोण, ते शोधावं लागतं. आणि शाळेची जुनी भिंत पावसानं कोसळली म्हटलं, तर अपघात.

"मी कुणाला काही सांगत नाही," साहेब म्हणाले. "लोक जे सांगतील ते लिहिणार."

हरेश तीन दिवसांत म्हातारा झाल्यासारखा दिसतो. दाढी पांढरी आलीय, मला माहीतच नव्हतं. साहेब पुढं गेल्यावर तो मला म्हणाला, "मला आत टाकतील, जयू." लग्नानंतर पहिली दोन वर्षं तो मला जयू म्हणायचा.

शाळेच्या पायरीवर ठमी बसली होती. तिच्या मागं वाडी. साहेबांनी तिला विचारलं, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.

ठमी म्हणाली, "डोंगर आला. वरचा, यांनी फोडलेला. आला नि माझ्या माणसाला घेऊन गेला."

साहेबांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून माझ्याकडे वळले. "ताई, मला यांची भाषा नीट कळत नाही. काय म्हणतात त्या?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हरेश साहेबांच्या पाठीशी उभा होता, खाली मान घालून.

मी म्हटलं, "भिंत पडली म्हणते."

वाडीतून कुणीतरी काही बोललं. साहेबांनी हात वर केला, एकेकानं बोला म्हणाले, पण मग कुणाला विचारलंच नाही. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. मी सही केली. ठमीनं अंगठा दिला. अंगठा देताना ती कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

साहेब मराठवाड्यातले आहेत. त्यांना इकडची बोली खरंच कळत नसेल.

३१ ऑगस्ट

कुणाली गणपतीला आली नाही. परीक्षा आहे म्हणाली. मी म्हटलं, गणपतीत कसली परीक्षा? तिनं विचारलं, "आई, ठमीमावशी कुठे आहे?" मी सांगितलं, उंबरमाळीला मुलीकडे गेली. वाडीतले बाकीचेही पांगले, कुणी भिवंडीकडे, कुणी नातेवाइकांकडे. फोन ठेवताना ती म्हणाली, "तू तिथं होतीस ना?" होते, म्हटलं. तिला सगळं सांगायचं होतं मला, पण तिनं आणखी काही विचारलं नाही.

मोदक केले. उरले.

१२ ऑक्टोबर

अपघातानंतर थांबवलेल्या कामाला परवानगी परत मिळाली. एक अट घातली आहे. सुटलेल्या उतारावर वाळ्याची रोपं लावायची. त्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. शेठनी रोपांचा टेम्पो पाठवलाही. माणसं मात्र मिळेनात. आसपासच्या वाड्यांवरची तर या टेकडीवर पायच ठेवत नाहीत.

मी उंबरमाळीला जाऊन येते म्हटलं. ठमीला साडी आणि तांदूळ न्यायचेच होते. हरेश म्हणाला, कशाला जातेस तिच्यासमोर? मी म्हटलं, मी काही वैर केलेलं नाही तिच्याशी.

१४ ऑक्टोबर

शहापूरवरून जीपनं गेले. ठमीच्या मुलीचं घर रुळांच्या वरच्या अंगाला, झाडीत. एका खोलीत सात माणसं. ठमी बारीक झालीय. मला बघून उठली, गोणपाट झटकून टाकलं, चहा ठेवायला सांगितला. साडी घेऊन बाजूला ठेवली. उघडून पाहिली नाही.

मी पोश्याबद्दल बोलायला लागले. मग त्या दिवसाबद्दल. म्हटलं, त्या वेळी मला काही सुचलं नाही, शिवाय सगळ्यांचाच विचार करावा लागतो, प्लॉट बंद पडले असते तर तुमच्या पोरांना तरी काम कुठून मिळालं असतं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तू काय बोलली ता मी तवाच आयकला. मना कानांनी कमी आयकू येत नाय."

चहा आला. आम्ही दोघी प्यायलो. तिची मुलगी दारात उभी होती, ती आत आली नाही, गेली पण नाही.

कप खाली ठेवून ठमी म्हणाली, "जावयाचा घर हाय. किती दीस फुकट खाव? काम असल तं सांग."

मला बोलायला तेवढंच पाहिजे होतं. वाळ्याचं सांगितलं. रोज जाणं-येणं नको, बाजूला राहायला पत्र्याची खोली देऊ म्हटलं.

"कुठं लावायचा?"

"वरच्या अंगाला. माती सुटली तिथं."

ठमीच्या मुलीनं मोठ्यानं "आये" म्हटलं. ठमीनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"मंग लवकर लावाया पायजे," ती म्हणाली. "ओल हाय तवर."

२० ऑक्टोबर

ठमी कालपासून कामावर आहे. आज दिवाळी आहे म्हटलं, सुट्टी घे, तर नको म्हणाली. मी दुपारी फराळ घेऊन वर गेले. उतारावर ती एकटी, वाकलेली. खड्डा करते, रोप ठेवते, माती ओढते आणि टाचेनं दाबते, मग पुढच्या जागी सरकते. एका सरळ ओळीत लावलंय सगळं. मुकादम म्हणाला, असं काम चार गड्यांना जमणार नाही.

मी फराळाचा डबा दगडावर ठेवून हाक मारली. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि पुढचा खड्डा खणायला घेतला. हातातलं काम टाकून गप्पा मारत बसणारी ती कधीच नव्हती.

खाली आले तेव्हा बरं वाटत होतं. तिचं काहीतरी मार्गी लागलं. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.